घाटाचा हिशोब

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांप्रमाणे २०० किलोमीटर सायकल साडेतेरा तासांत पुरी करायची. पहिला-दुसरा नंबर नाही. वाटेतल्या कंट्रोलवर कार्डावर शिक्का घ्यायचा. कंट्रोल उघडण्याआधी पोचलात, तर थांबा! (मला स्वतःला ही अट फार आवडते.)

पण घाट आहे म्हणून जादा वेळ मिळत नाही, आणि इथंच माणसं फसतात. ‘चढावर गेलेला वेळ उतारावर भरून काढू’ म्हणतात. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट घ्या. समजा, दहा किलोमीटर तुम्ही ताशी ८ च्या वेगानं चढलात : ७५ मिनिटं. तेवढंच ताशी ४० नं उतरलात : १५ मिनिटं. सरासरी किती? तुम्ही म्हणाल, २४. अहो, २० किलोमीटरला दीड तास लागला, म्हणजे ताशी १३ च्या आसपास. हवी होती जवळजवळ १५. कारण चढावर तुम्ही सव्वा तास होता, उतारावर जेमतेम पाव तास. जिवावर उदार होऊन ६० नं खाली आलात, तरी वाचतात पाचच मिनिटं. तेवढी तर चहा सांगून तो येईपर्यंत जातात. म्हणून जुनी मंडळी घाट सावकाश उतरतात, आणि चहाच्या टपरीवरून लवकर उठतात.