डॉलरचे कर्ज आणि नळाचे पाणी

पाणीपुरवठ्यात खाजगी भांडवल यावे की नाही, हा वाद आपल्याकडे बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच लढविला जातो. करारातील कोणती जोखीम कोणाच्या माथी आहे, हे मात्र क्वचितच कोणी वाचून पाहतो. फिलिपिन्सच्या मनिला महानगराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

तेथील पाणीपुरवठा व मलनिस्सारण ऑगस्ट १९९७ मध्ये २५ वर्षांच्या कराराने दोन कंपन्यांकडे सोपविण्यात आले. सर्वांत कमी दर सांगेल त्याला कंत्राट, अशी अट होती. प्रचलित दर घनमीटरला ८.७८ पेसो असताना पूर्व भागासाठी २.३२ आणि पश्चिम भागासाठी ४.९७ पेसोंची बोली आली. ग्राहक सुखावले. पण सरकारी पाणी मंडळाच्या जुन्या परदेशी कर्जाचा सुमारे ९० टक्के भार पश्चिमेच्या कंपनीवर टाकलेला होता. कर्ज डॉलरमध्ये फेडायचे आणि वसुली पेसोत! त्याच जुलैत आशियाई चलनसंकट कोसळले होते. डॉलरमागे २६ पेसोंचा भाव काही महिन्यांतच चाळिशीपलीकडे गेला. २००१ मध्ये करार बदलून हा तोटा दरवाढीने लवकर वसूल करण्यास मुभा दिली गेली. तरीही २००२ च्या अखेरीस कंपनीने करार संपविण्याची नोटीस दिली.

विनिमय दर कंपनीच्या हाती नाही, ग्राहकाच्या तर मुळीच नाही. तो सरकारच्या पतधोरणाशी निगडित आहे. मग त्याचा भार नळधारकावर का? उलट गळती ही जोखीम व्यवस्थापनाच्या आवाक्यातली. प्रारंभी निम्म्याहून अधिक पाण्याचे बिलच होत नव्हते. पूर्वेच्या कंपनीने हे प्रमाण पुढे सुमारे ११ टक्क्यांवर आणले. पश्चिमेकडे ते कित्येक वर्षे ६० टक्क्यांच्या वरच राहिले. तेव्हा सारा दोष चलनाचा नव्हे, हेही खरे.

मलनिस्सारण तर दोन्हीकडे मागेच पडले. मलवाहिन्यांचे काम मुदतीत न केल्याबद्दल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांना व सरकारी मंडळालाही दंड ठोठावला.

नागपुरातही २०१२ पासून शहराचे पाणीवाटप २५ वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे आहे. गळतीची, थकबाकीची, टंचाईची झळ कोणी सोसायची, हे त्या करारात कोणत्या कलमांनी ठरविले आहे, ते किती नगरसेवकांना सांगता येईल?