मेंदू व मज्जासंस्थेचे संरक्षण आणि औषधी वनस्पती : खाजकुयलीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील जाफराबाद तालुका हा प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व मका पिकविणारा भाग म्हणून परिचित आहे. मात्र मराठवाड्याच्या या पट्ट्यात शेतीच्या बांधावर, पडीक गायरानात व ओढ्याकाठच्या ओलाव्यात उगवणाऱ्या कितीतरी वनस्पतींचा संबंध आयुर्वेदाने बुद्धी, स्मृती आणि वातविकार यांच्याशी जोडलेला आहे. अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी आणि खाजकुयली ही त्यांतील ठळक नावे होत. वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरांत व औषधांच्या जाहिरातींत या सर्वांची गणना सरसकट 'मेंदूचे रक्षण करणाऱ्या वनस्पती' अशी केली जाते. हे वर्णन कितपत ग्राह्य मानावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ज्या घरात कंपवाताचा अथवा अपस्माराचा रुग्ण आहे, तेथे अशा वर्णनावर विसंबून चालू असलेल्या गोळ्या बंद केल्या जातात, किंवा त्यांच्या जोडीला एखादे चूर्ण कोणालाही न विचारता सुरू होते.

'संरक्षण' या शब्दाचे तीन अर्थ

एखादी वनस्पती मेंदूला उपयुक्त आहे असे म्हटले जाते तेव्हा त्यात तीन वेगवेगळी विधाने मिसळलेली असतात. ती वनस्पती रोगाची लक्षणे कमी करते, हे पहिले. निरोगी माणसाचे स्मरण वा झोप यांसारखे कार्य सुधारते, हे दुसरे. मज्जापेशींचा ऱ्हास थांबविते अथवा लांबविते, हे तिसरे. खरे संरक्षण म्हणजे केवळ हे तिसरे विधान होय. त्याचे पुरावे बहुतांशी परीक्षानळीतील पेशींवर व उंदरांवर मिळालेले आहेत. माणसाच्या बाबतीत ते सिद्ध करणे अत्यंत कठीण असते. जिवंत रुग्णाच्या मेंदूतील पेशी मोजता येत नाहीत, आणि लक्षणे कमी झाली म्हणजे पेशी वाचल्या असे होत नाही. हा फरक खाजकुयलीच्या उदाहरणाने जितका स्पष्ट होतो तितका अन्य कोणत्याही वनस्पतीने होत नाही.

खाजकुयली : बांधावरची वेल ते प्रयोगशाळा

खाजकुयली, संस्कृतात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता, शास्त्रीय नाव म्यूकुना प्रुरियन्स, ही शेंगावर्गीय वर्षायू वेल आहे. पावसाळ्यात ती कुंपणावर चढते, जांभळ्या फुलांचे लोंबते घोस धरते आणि हिवाळ्यात तिच्या तपकिरी, केसाळ शेंगा वाळतात. त्या शेंगांचे केस अंगाला लागले की होणारी खाज मराठवाड्यातील गुराख्यांना सांगावी लागत नाही. आयुर्वेदात तिच्या बियांना मुख्यतः बल्य व वृष्य म्हणून स्थान आहे. वातविकारांतही त्यांचा उपयोग सांगितला आहे.

1937 साली मद्रास येथे दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा हे अमिनो आम्ल वेगळे केले. त्याचे वैद्यकीय महत्त्व त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. ते उलगडण्यास दुसरी एक भारतीय वनस्पती कारणीभूत ठरली. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. 1952 मध्ये तिच्या मुळांतून रेसरपीन हे द्रव्य मिळाले. 1957 मध्ये स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिले तेव्हा ते निश्चल पडले, आणि लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. या व पुढील संशोधनासाठी कार्लसन यांना 2000 सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका वनस्पतीने निर्माण केलेली अवस्था दुसऱ्या वनस्पतीत आढळणाऱ्या द्रव्याने दूर व्हावी, हा योगायोग विज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

कंपवातामध्ये मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य नावाच्या भागातील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. हातांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा व हालचालीतील मंदपणा ही त्याची प्रमुख लक्षणे. बाहेरून डोपामीन दिल्यास ते रक्त व मेंदू यांमधील अडसर ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा मात्र अमिनो आम्लांच्या वाहकावरून पलीकडे जाते आणि तेथे त्याचे डोपामीन होते. अडचण अशी की त्याचा मोठा भाग आतड्यात व रक्तातच डोपामीनमध्ये बदलून वाया जातो आणि मळमळ, उलटी निर्माण करतो. म्हणूनच आधुनिक गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा असते. प्रथिनयुक्त जेवण त्याच वाहकाशी स्पर्धा करते. त्यामुळे वरण-उसळीच्या जेवणासोबत घेतलेली मात्रा कमी पडू शकते, मग ती गोळीतील असो की बियांच्या चूर्णातील.

खाजकुयलीचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहण्याचा एक आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न मुंबईत झाला. डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये 23 रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. लक्षणांत लक्षणीय सुधारणा दिसून आली. पुढे झंडू या मुंबईच्या कंपनीने विकसित केलेल्या चूर्णाची 60 रुग्णांवरील बारा आठवड्यांची पाहणी 1995 मध्ये प्रकाशित झाली. या दोन्ही पाहण्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्यांची मर्यादा. ती उणीव 2004 मध्ये लंडन येथील अभ्यासाने काही अंशी भरून काढली. आठच रुग्ण, परंतु चूर्ण कोणते व नेहमीचे औषध कोणते हे रुग्ण व वैद्य दोघांनाही अज्ञात. 30 ग्रॅम चूर्णाचा परिणाम सरासरी 35 मिनिटांत सुरू झाला. प्रमाणित औषधास सुमारे 69 मिनिटे लागली. परिणाम टिकलाही अधिक वेळ.

येथवरचे वाचून उत्साह वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला इटालियन संशोधकांचा अभ्यास लक्षात घेणे आवश्यक ठरते. त्यात 14 रुग्णांना प्रदीर्घ काळ केवळ भाजलेल्या बियांचे चूर्ण देण्याचा प्रयत्न झाला आणि निम्म्या, म्हणजे सात रुग्णांना ते मध्येच सोडावे लागले. चौघांना पोटाचा त्रास झाला, तिघांची हालचाल उत्तरोत्तर बिघडली. एका मात्रेचा चांगला परिणाम आणि वर्षानुवर्षे चालणारा उपचार या वेगळ्या गोष्टी आहेत. याशिवाय बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण वाण, जमीन व हंगाम यांनुसार बदलते. चमचाभर चूर्णात किती औषध गेले हे घरी कळण्याचा मार्ग नाही. चालू गोळीवर ते वाढविल्यास अनैच्छिक हालचाली, भ्रम व रक्तदाब घसरणे असे परिणाम संभवतात.

आणि संरक्षणाचे काय? नेदरलँड्समध्ये 445 रुग्णांवर झालेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना लेव्होडोपा लगेच, तर काहींना चाळीस आठवडे उशिरा देण्यात आले. ऐंशी आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे लेव्होडोपा रोगाची गती बदलत नाही, तसेच ते पेशींना अपायही करीत नाही. खाजकुयलीतील अन्य घटक पेशींचे रक्षण करीत असावेत असे उंदरांवरील प्रयोग सुचवितात. मानवी पुरावा नाही. सारांश, माणसातील परिणामाची यंत्रणा सर्वांत स्पष्टपणे ज्ञात असलेली ही वनस्पती लक्षणे कमी करणारी आहे. तिला संरक्षक म्हणणे आज तरी साधार नाही.

नावांचा घोळ

अन्य वनस्पतींच्या बाबतीत प्रश्न त्याही आधी सुरू होतो : वनस्पती कोणती? 'ब्राह्मी' या एका नावाने दोन भिन्न कुळांतील वनस्पती विकल्या जातात. बॅकोपा मॉनिएरी ही ओलसर जागी पसरणारी, लहान, मांसल, देठरहित समोरासमोर पाने असणारी. तिला नीरब्राह्मी असेही म्हणतात. सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी किंवा कारिवणा, ही लांब देठाची व मूत्रपिंडाच्या आकाराची दंतुर पाने असणारी. महाराष्ट्रात अनेक घरांतील ब्राह्मीचे तेल या दुसऱ्या वनस्पतीचे असते. ज्या चाचण्यांचा दाखला दिला जातो त्यांतील बऱ्याच पहिलीच्या अर्काच्या आहेत. 2002 मधील ऑस्ट्रेलियन चाचणीत 76 प्रौढांना तीन महिने हा अर्क अथवा औषधहीन गोळी देण्यात आली. अर्क घेणारे नवीन शिकलेले कमी विसरले. शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही. परीक्षेच्या आठवड्यात ब्राह्मी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना हा निष्कर्ष प्राध्यापकांनी अवश्य सांगावा.

शंखपुष्पीचे त्रांगडे आणखी मोठे आहे. कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस, निळ्या फुलांची विष्णुक्रांता, आणि केरळात चक्क गोकर्ण, अशा तीन वनस्पती या नावाने वापरात आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अपस्माराच्या दोन रुग्णांचे झटके फेनिटॉईन चालू असूनही आटोक्याबाहेर गेल्याचे आढळले. दोघेही शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषध घेत होते. संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. तेव्हा सलग मात्रांनी रक्तातील फेनिटॉईनची पातळी घटते आणि त्याचा झटके रोखण्याचा परिणामही मंदावतो, असे दिसले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेले हे निरीक्षण मेंदूला 'पोषक' समजल्या जाणाऱ्या औषधाने मेंदूच्याच रुग्णाला अपाय होऊ शकतो याचे महाराष्ट्रातील प्रत्यक्ष उदाहरण आहे.

अश्वगंधेविषयी थोडक्यात. तणाव व निद्रा यांबाबत छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल आहेत. मज्जापेशींच्या रक्षणाचा पुरावा प्राण्यांपुरताच आहे. यकृताला इजा झाल्याच्या काही नोंदी अलीकडे प्रसिद्ध झाल्या असून डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. परंपरेने वापरले जाते ते मूळ. स्वस्त पडते म्हणून पाने वापरण्याच्या प्रथेविरुद्ध भारताच्या आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना सूचना दिली होती.

स्थानिक अभ्यासाची दिशा

ग्रामीण महाविद्यालयांकडे चिकित्सालयीन चाचण्यांची साधने नसतात. परंतु वनस्पतीची ओळख पटविणे हे वनस्पतिशास्त्र विभागाच्या आवाक्यातील काम आहे. जाफराबादसारख्या तालुक्यात आठवडी बाजारात व औषधी दुकानांत 'ब्राह्मी', 'शंखपुष्पी' म्हणून जे मिळते त्याचे नमुने घ्यावेत, फुलासह वाळविलेल्या अधिकृत नमुन्याशी ताडून पाहावेत, आणि विक्रेत्याने सांगितलेले नाव, मूळ ठिकाण व वापरलेला भाग यांची नोंद त्याच कागदावर करावी. रसायनशास्त्र विभागास पातळ थर वर्णलेखनाद्वारे खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा आहे किंवा नाही हे प्राथमिक स्वरूपात दाखविता येते. निरनिराळ्या गावांच्या बियांतील प्रमाणाची तुलना करायची तर विद्यापीठातील उपकरणांची मदत घ्यावी लागेल. विष्णुक्रांतेचे नमुने पावसाळ्यात फुले असतानाच गोळा करावेत, कारण फुलांवाचून तिची ओळख पटविणे अवघड जाते. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात, हातमोजे घालून आणि वाऱ्याकडे पाठ करून तोडाव्यात.