झोपलेलं विरजण

मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचं होतं आणि घरात वाटीभर ताजं दही उरलं होतं. मी शहाणपणा केला, वाटी थेट फ्रीजरमध्ये ठेवली. परत येऊन बघतो तर आत पांढरा दगड! ओट्यावर ठेवून तो वितळू दिला. वर पाणी, खाली रव्यासारखे दाणे. चमच्याने अलगद कापली जाणारी ती घट्ट कवडी गेली कुठे?

गंमत अशी की घट्ट दह्यातही पाचातले चार भाग पाणीच असतं. मग ते वाटीत स्वस्थ बसतं कसं? विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दूध आंबट झालं की त्यातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांची बारीक जाळी होते. पाणी अडकतं त्या जाळीत. फ्रीजरमध्ये असतं उणे 18 अंशांच्या आसपास. तिथे या पाण्याचे टोकदार स्फटिक होतात, शिवाय गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. बिचारी जाळी फाटते. बर्फ वितळला की पाणी मोकळं! श्रीखंडाच्या चक्क्याचं एवढं बिघडत नाही, कारण त्यातलं बरंचसं पाणी पंचात टांगतानाच गळून गेलेलं असतं.

मी वाटी मोरीत ओतणार, तेवढ्यात आई ओरडली, "अरे, टाकतोस काय!" तिने बेसन लावून त्या दह्याची कढी केली. पण त्याआधी चमचाभर दही कोमट दुधात घातलं. सकाळी दूध पातळच होतं, दुपारपर्यंत मात्र मस्त दही लागलं.

म्हणजे जाळी मोडली, तरी जिवाणू सगळे मेले नव्हते. बरेचसे नुसते झोपले होते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, 4 अंशांना, ते असे गाढ झोपत नाहीत. हळूहळू काम चालूच असतं, म्हणून चार दिवसांचं दही आंबट लागतं.

आता आम्ही सुट्टीला निघण्याआधी बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा चमचा ताजं दही गोठवतो आणि त्या वड्या झाकणाच्या डब्यात भरतो. परत आलो की एक वडी वितळवून कोमट दुधात घालायची, शेजारी विरजण मागायला जायला नको. तुम्हीही करून बघा. फक्त डब्यावर चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे एकदा पाहुण्यांच्या कोकम सरबतात विरजणाच्या दोन वड्या पडल्या होत्या.