परकें शहर राहण्याजोगें आहे काय?

प्रवासी जें पाहतो तें शहर, आणि रहिवासी ज्यांत दिवस काढतो तें शहर, हीं पुष्कळदां एकाच नांवाचीं दोन निरनिराळीं शहरें असतात. आपले अनेक विद्यार्थी शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जातात, आणि स्थळ निवडतांना त्यांचे पालक उत्तम शहरांच्या याद्यांवर भिस्त ठेवतात. म्हणून अशा यादींतलेंच एक शहर परीक्षेला घेऊं. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिला लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'शीं संलग्न संस्थेनें २०२२ ते २०२४ अशीं तीन वर्षें लागोपाठ पहिला क्रमांक दिला.

तेथील राजवाडे प्रवाशानें अवश्य पाहावे. पण निर्णय त्यांवरून करूं नये, कारण सामान्य माणूस तेथें राहत नाहीं. त्यानें आधीं नळाचें पाणी प्यावें. तें आल्प्स पर्वतांतील झऱ्यांचें आहे. सुमारें ९० किलोमीटरांचा पहिला जलमार्ग १८७३ सालीं पुरा झाला, व दुसरा १९१० सालीं. पाणी केवळ उतारानें शहरापर्यंत वाहत येतें. त्यापूर्वीं विहिरींच्या दूषित पाण्यामुळें पटकी व विषमज्वर यांचा तेथें मोठा उपद्रव होई. आज वाटेवरच्या तोटीला लागून फुकट प्यालेल्या घोटामागें दीडशे वर्षांचा नागरी कारभार उभा आहे.

मग ट्राममध्यें बसून शहराच्या मध्यभागापासून दूर जावें. हाइलिगेनश्टाट भागांत कार्ल-मार्क्स-होफ नांवाची एक किलोमीटरहून लांब इमारत आहे. नगरपालिकेनें ती १९२७ ते १९३० या काळांत कामकरी वर्गासाठीं बांधली. तींत १,३८२ घरें होतीं, शिवाय धुलाईघरें, स्नानगृहें व बालवाड्या. आणि बांधकाम जागेच्या पंचमांशाहूनही कमी भागावर, बाकी सारीं मोकळीं अंगणें! आजही शहरांतील सुमारें निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा सरकारी साहाय्य लाभलेल्या घरांत राहतात. विद्यार्थिमित्रहो, अशा अंगणांत सायंकाळीं घटकाभर बसावें, आणि म्हातारीं माणसें निर्धास्तपणें एकटीं हिंडतात काय, लहान मुलें सोबतीवांचून ट्राममध्यें चढतात काय, हें पाहावें. मला तरी या कसोटीचें मोल कोणत्याही यादीहून अधिक वाटतें.

ऋतूचाही विचार हवा. जूनमध्यें तेथें दिवस सोळा तासांचा, तर डिसेंबरांत साडेआठ तासांहूनही लहान. उन्हाळ्यांतल्या पाहुण्यानें हिवाळ्याची साक्ष कशी द्यावी? रविवारीं बहुतेक दुकानें कायद्यानें बंद असतात. ती शांतता प्रवाशाला गोड वाटते. रहिवाशाला मात्र शनिवारीं सायंकाळीं सहाच्या आंत बाजार उरकावा लागतो.

परंतु मुख्य प्रश्न असा कीं, शहर राहण्याजोगें, तें कोणाला? १९३८ सालीं हिटलरच्या जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हां झरे तेच होते, ट्रामगाड्याही त्याच होत्या. पण यहुदी भाडेकऱ्यांना नगरपालिकेच्या घरांतून बाहेर घालविण्यांत आलें. आजची स्थिति तशी नाहीं. तथापि २०२२ सालीं परदेशस्थ रहिवाशांच्या एका पाहणींत हेंच शहर जीवनमानांत पहिलें, आणि स्नेहभावांत अगदीं तळाशीं आलें. नगरपालिकेचें घर मिळण्यास, इतर अटींबरोबर, शहरांत दोन वर्षांचें वास्तव्य लागतें; तोंवर नवागताला खासगी घरमालकाच्या दारीं उभें राहावें लागतें, आणि तेंही बहुधा जर्मन भाषा धड येत नसतांना. तेव्हां तेथें जाणाऱ्या मुलानें आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या एखाद्या भाजीवाल्याला किंवा ट्रामचालकाला दोनच गोष्टी विचाराव्या: घरभाडें किती पडतें, आणि आजारी पडलां तेव्हां तुमचें दार कोणीं ठोठावलें?