भाजलेली कॉफी चार मिनिटांत थंड! तेलाचा डबा, चाळण आणि एक्झॉस्ट फॅनचा घरगुती कूलर

न्हावा शेवा (ता. उरण) : कॉफी आणि आपला उरण तालुका, संबंध काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. आपल्याकडे भात, मिठागरं, मासळी आणि १९८९ साली बंदर सुरू झाल्यापासून कंटेनर. कॉफी पिकते ती जास्त करून कर्नाटकात. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की अमरावती जिल्ह्यातला चिखलदरा, तोही थंड हवेचा डोंगर. पण पिकत नसली तरी भाजायला कोण अडवतंय? माझा पुतण्या कंटेनर यार्डात कामाला आहे. ड्युटी सांभाळून गेल्या वर्षी त्याने हिरवी, म्हणजे कच्ची कॉफी आणून घरी कढईत भाजायला सुरुवात केली. अलिबाग बाजूच्या दोन होमस्टेवाल्यांनी घ्यायचं कबूल केलं होतं.

पहिली ऑर्डर परत आली. कडू लागते, जळकी लागते म्हणाले. पोरगा शपथेवर सांगत होता की मी कॉफी तपकिरी असतानाच उतरवली. आणि तो खरं बोलत होता, मी तिथेच उभा होतो. चूक भाजण्यात नव्हती, भाजून झाल्यावर होती. त्याने चार घाणे काढले आणि गरम गरम एकाच परातीत ढीग मारून ठेवले. वरचे दाणे बरे होते, ढिगाच्या पोटातले काळे, तेलकट. वहिनीने एक दाणा फोडून वास घेतला आणि म्हणाली, "अरं, जलली रं ही."

असं का होतं ते आधी समजून घेऊ, कारण ते कळलं की कूलर कसा पाहिजे हे आपोआप कळतं.

कॉफीचा दाणा कढईत साधारण दोनशे अंशांच्या आसपास गेला की ज्वारीच्या लाह्यांसारखा चट चट फुटतो. तिथून पुढे दोन-तीन मिनिटांचा खेळ असतो. मध्यम भाजणी हवी असेल तर या आवाजानंतर थोड्या वेळात उतरवायची. अजून तापली, सव्वादोनशेच्या पुढे गेली, की दुसऱ्यांदा बारीक तडतड सुरू होते आणि दाण्याच्या अंगावर तेल येतं. म्हणजे चांगली आणि जळकी यांच्यात वीस-पंचवीस अंशांचा फरक. गॅस बंद केला तरी दाण्याच्या पोटातली उष्णता कुठे जात नाही. शेंगदाणे आपण गॅस बंद करून कढईतच ठेवले तर करपतात, तसंच हे. शिवाय या टप्प्यावर कॉफीचा दाणा स्वतःसुद्धा थोडी उष्णता सोडतो. म्हणून उतरवल्यावर चार-पाच मिनिटांत दाणा हाताला गार लागला पाहिजे, हा भाजणाऱ्यांचा नियम.

मोठ्या कारखान्यात यासाठी जाळीचं गोल ताट असतं, वर दांडे फिरतात आणि खालून पंखा हवा ओढतो. आपण तेच करायचं, छोट्या मापाने.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरच्यापुरती पावशेरापर्यंत कॉफी भाजत असाल तर कसलंही यंत्र बनवू नका. आपलं सूप घ्या, नाहीतर दोन स्टीलच्या चाळणी घ्या आणि अंगणात वाऱ्याला उभं राहून पाखडा. दाणा गार होतो आणि टरफलही उडून जातं. कॉफी भाजताना दाण्यावरचं पातळ साल सुटतं, कांद्याच्या सालीपेक्षाही हलकं. सुपाने ते फुकट निघतं. पण एकामागून एक आठ-दहा घाणे काढायचे असतील तर हात भरून येतात आणि पुढचा घाणा कढईत करपतो. तिथे कूलर लागतो.

आम्ही केलेला कूलर असा. १५ किलोच्या तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा भंगारवाल्याकडून घेतला. सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुतला, कारण आत तेल राहिलं आणि वरून गरम टरफल पडलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. डब्याच्या वरच्या पत्र्याला मधोमध आठ इंची गोल भोक पाडलं. त्यावर नऊ इंची स्टीलची चाळण बसते. डब्याच्या एका बाजूला, तळाजवळ, सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. फॅनचं तोंड बाहेर. म्हणजे फॅन डब्यातली हवा बाहेर फेकतो, डबा रिकामा व्हायला बघतो आणि वरून चाळणीतल्या दाण्यांमधून ताजी हवा खाली ओढली जाते. बस, एवढंच यंत्र.

चाळण पिठाची घेऊ नका. तिची भोकं इतकी बारीक की हवा अडते आणि फॅन नुसता ओरडतो. गहू-तांदूळ चाळायची, दोन-तीन मिलिमीटर भोकांची घ्या. दाणा खाली पडत नाही, टरफल पडतं. प्लॅस्टिकची चाळण, रंगाची बादली हे प्रकार वापरू नका. दोनशे अंशांचा दाणा प्लॅस्टिकमध्ये रुततो आणि तो वास कॉफीतून जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ आमचा गेला तो फटी बुजवण्यात. पहिल्या दिवशी कूलर चालू केला तर कॉफी दहा मिनिटं झाली तरी गरमच. फॅन जोरात, हवाही बाहेर येतेय, मग अडतंय कुठे? शेवटी उदबत्ती लावून डब्याभोवती फिरवली. धूर चाळणीतून आत जायच्या ऐवजी फॅनच्या चौकटीच्या फटीतून आत शिरत होता. हवा सोप्या वाटेने जाते, दाण्यांमधून जायची तिला काय गरज? चौकटीला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मारली. चाळण आणि पत्र्यामधली फट वहिनीने मोदकाच्या भांड्याला लावतात तशी कणिक लावून बंद केली. पुन्हा उदबत्ती धरली तर धूर सरळ चाळणीत खाली. त्या दिवशी घाणा चार मिनिटांत गार झाला.

दुसरी चूक थराची. एक्झॉस्ट फॅनची ताकद हवा भरपूर हलवायची असते, जाड थरातून ओढायची नसते. थर इंचभर ठेवा. नऊ इंची चाळणीत इंचभर थर म्हणजे साधारण साडेतीनशे ग्रॅम भाजलेली कॉफी. भाजताना वजन सहाव्या-सातव्या हिश्शाने कमी होतं, म्हणून आम्ही ४०० ग्रॅम हिरवी कॉफी कढईत घेतो, ती चाळणीत बरोबर मावते. फॅन आधी चालू करायचा, मग कॉफी ओतायची आणि लाकडी कालथ्याने सारखी हलवत राहायची. एवढी हवा येते म्हणून फॅनपर्यंत ती कोमटच पोहोचते, मोटर तापत नाही.

फॅन खालून वर फुंकणारा लावला तर चालेल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही करून बघितलं. दाणे गार होतात, पण टरफल तोंडावर, डोळ्यांत आणि शेजारच्या दूध-भातात. ओढणारा फॅन बरा. मात्र त्याचं तोंड पडवीच्या बाहेर, वाळल्या पेंढ्यापासून लांब ठेवा. व्हॅक्यूम क्लिनर लावायचा जुगाड कोणी सांगेल, तो करू नका. एखादं टरफल धुमसत आत गेलं की पिशवी आतल्या आत पेटते.

गार करायला पाणी शिंपडू नका. कारखान्यात मोजून पाण्याचा फवारा मारतात, पण ते माप घरी जमत नाही. फ्रीजमध्येही ठेवू नका, दाण्यावर दव धरतं.

आणि विजेचं. डबा पत्र्याचा, हात घामेजलेले, खाली ओली जमीन. तीन पिनांचाच प्लग लावा आणि हिरवी अर्थिंगची वायर डब्याच्या अंगाला स्क्रूने घट्ट करा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. कापलेल्या पत्र्याच्या कडा पक्कडीने आत दुमडा. माझ्या अंगठ्याला तीन टाके पडलेत, म्हणून सांगतोय.

आम्हाला डबा, चाळण, फॅन, वायर धरून दीड हजारांच्या आत खर्च आला. त्यात निम्म्याहून जास्त फॅनचा.

खरा फायदा मात्र वहिनीच्या बचत गटाला झाला. आगरी-कोळी मसाल्याचा हंगाम एप्रिल-मे. मागच्या हंगामात भाजलेले धणे, खसखस घाईघाईत गरम असतानाच डंकावर नेले आणि मसाला कोमट असताना बरण्यांत भरला. झाकणाला आतून पाण्याचे थेंब आले. पावसाळ्यात सहा किलो मसाला बुरशी लागून फेकावा लागला. तो लोकांच्या वर्षाचा मसाला होता. या वर्षी धणे, दालचिनी, लवंग सगळं कूलरवर गार करूनच डंकावर गेलं, झाकणं कोरडी राहिली. खसखशीला मात्र बारीक जाळीची वेगळी चाळण आणि अगदी पातळ थर लागतो. मसाल्याची चाळण आणि कॉफीची चाळण वेगळीच ठेवा. आणि भाजलेली मिरची चुकूनही यावर टाकू नका. आम्ही एकदा टाकली. फॅनने सगळा खकाणा गल्लीत फेकला आणि अर्धी आळी ठसकत आमच्या दारात भांडायला आली.

कॉफी गार झाली म्हणून लगेच घट्ट बंद करायची नाही. भाजलेला दाणा पुढचे कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड वायू सोडत राहतो, पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त. पुतण्याने एका रात्री पिशव्या पक्क्या सील केल्या, सकाळी त्या उशीसारख्या फुगल्या होत्या. आता तो स्टीलच्या डब्यात झाकण सैल ठेवून रात्रभर ठेवतो, दुसऱ्या दिवशी भरतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवा एवढी दमट की डबा उघडा ठेवला तर दाणा नरम पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर झाकण सैल पण बंदच. मलबार किनाऱ्यावर कच्ची कॉफी मुद्दाम पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवतात आणि ती परदेशात नावाजली जाते, पण ती भाजण्याआधीची गोष्ट. भाजलेल्याला दमट हवा सोसत नाही.

होमस्टेवाल्यांपैकी एकाने पुन्हा दोन किलो मागवली आहे. दुसरा अजून फोन उचलत नाही.