मुंबईचे सात तलाव आणि आपलं येलदरी

मागच्या भागानंतर इथल्याच, ताडकळसच्या एका दोस्तानं व्हॉइस नोट पाठवली: "भाऊ, जुलै आला की मोबाइलवर रोज मुंबईच्या सात तलावांचे टक्के. आपल्याला काय करायचं त्याचं?" प्रश्न रास्त आहे. आज तेच बघू.

आधी आकड्यांची भाषा. मुंबईच्या बातमीत 'दशलक्ष लीटर' असतं, आपल्याकडं 'दलघमी', म्हणजे दशलक्ष घनमीटर. 1 दलघमी म्हणजे 1000 दशलक्ष लीटर. आता बघा, मुंबईला पाणी देणारं सगळ्यात मोठं धरण भातसा, मुंबईच्या हिशोबात त्यातलं 717 दलघमी. आपल्या जिंतूर तालुक्यातल्या येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे 809. म्हणजे मुंबई भातसातलं जेवढं धरते, त्यापेक्षा येलदरीत जास्त! (मलाही आधी खरं वाटलं नव्हतं.) मुंबईचे सातही मिळून साधारण 1447, आणि रोजचा पुरवठा 3.85 दलघमीच्या आसपास. भागाकार केला तर जेमतेम वर्षभर पुरेल एवढंच. म्हणून जूनमध्ये पाऊस लांबला की तिथं लगेच पाणीकपात.

एवढं लांबून पाणी आणायची वेळ का आली? मुंबई मुळात बेट. चहूकडं समुद्र, प्यायला विहिरी नि तळी. 1854च्या टंचाईत होड्यांनी आणि रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मग शेजारच्या साष्टी बेटावर मिठी नदी अडवून 1860 साली विहार तलाव झाला. तोही पुरला नाही. 1879ला तुळशी, 1892ला तानसा, आणि असं करत 2014ला मध्य वैतरणा. तानसाचं पाणी उतारानंच शहराकडं येतं, भातसाचं मात्र पंपानं उचलावं लागतं.

मग येलदरी एवढं मोठं असून आपल्या भागात उन्हाळ्यात टँकर का? कारण हे पाणी मुख्यतः शेतीचं. येलदरीला वीज तयार करून ते खाली सिद्धेश्वर धरणात येतं, तिथून कालव्यानं परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात. आणि शेतीला पाणी लागतं ते असं: एक हेक्टरवर 10 सेंटीमीटर पाणी दिलं की झाले 10 लाख लीटर. माणशी रोज 135 लीटर धरले तर 7,400 माणसांचं एका दिवसाचं. यात शेतकऱ्याची चूक नाही, पीक पाण्यावरच येतं. पण उघड्या कालव्यात पाझरून आणि उन्हानं उडून जे जातं, ते ना रानाला ना घागरीला.

मुंबईवर चिडायच्या आधी शहापूर तालुका बघा. तानसा, भातसा तिथंच. तरी उन्हाळ्यात तिथल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. जाडजूड पाइप जवळून जातो, घरात नळ नाही. धरण उशाला असून भागत नाही, पाणी कुणाच्या नावावर राखलंय त्यावर सगळं आहे.

ते आपल्याकडं ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, पावसाळा संपल्यावर. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग रब्बीच्या पाळ्या, असा क्रम. तेव्हा येलदरीचे टक्के फॉरवर्ड करताना पिण्यासाठीच्या आरक्षणाचा आकडाही शोधा. सापडला तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ.