वाळवंटातील नगराची ओढ

मराठी माणसाने ‘वाळवंट’ हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पंढरपूर उभे राहते. चंद्रभागेकाठची मऊ वाळू, तिच्यावर जमलेला वारकऱ्यांचा मेळा आणि पलीकडे नदीचे पात्र. मराठीतील वाळवंट हे असे पाण्याच्या शेजारचे आहे. राजस्थानच्या पश्चिमेस पसरलेल्या थरच्या मरुभूमीला हाच शब्द लावावयाचा तर त्यातून नदी वजा करावी लागते. अशा निर्जळ प्रदेशातील मनुष्य पोटापाण्यासाठी मुंबईस, इंदुरास किंवा हैदराबादेस येतो, तेव्हा ‘पोटापाणी’ या शब्दाचा दुसरा भागही त्याच्या बाबतीत अक्षरशः खरा असतो. येथे त्याला नळ मिळतो, झाडांची सावली मिळते, भरवशाचा पावसाळा मिळतो. असे असूनही त्याला गावाची ओढ लागते आणि ती वर्षानुवर्षे सुटत नाही. उण्या गावाहून भरल्या गावी आलेल्या माणसाने मागे वळून पाहत राहावे, हे वरवर पाहता नवलच आहे.

घरच्या ओढीला युरोपात शास्त्रीय नाव मिळाले ते इ. स. १६८८ मध्ये. बाझेल येथे सादर केलेल्या आपल्या प्रबंधात योहानेस होफर या तरुण वैद्याने ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला. होफरने या ओढीची गणना व्याधीतच केली होती. मायदेशापासून दूर राहून झुरणारे स्विस लोक त्याच्यासमोर होते. हिरव्या डोंगरांसाठी झुरणे कोणालाही समजते. कोकणातून घाटावर आलेल्या चाकरमान्याला समुद्र आठवतो, तेही समजते. परंतु जेथे वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास, आणि कित्येक वर्षी त्याहून पुष्कळच कमी पाऊस पडतो, त्या ठिकाणासाठी कोणी का झुरावे? मुंबईत पावसाचे हेच मान २,००० मिलिमीटरच्या वर आहे. या प्रश्नाचा उलगडा करण्यास जैसलमेर हे एकच नगर पुरेसे आहे.

जैसलमेर हे भाटी रजपुतांचे नगर. रावळ जैसल याने इ. स. ११५६ मध्ये लोद्रवा ही जुनी राजधानी सोडून जवळच्याच त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधावयास घेतला. पिवळ्या वालुकाश्माच्या या किल्ल्याला नव्याण्णव बुरूज आहेत. तो अद्याप ओस पडलेला नाही. आजही तटाच्या आत दोन-तीन हजार माणसे राहतात. केवळ शेतीवर हे नगर उभे राहिलेच नसते. त्याला पोसले ते वाटेने. एकीकडे सिंध आणि त्यापलीकडील मुलूख, दुसरीकडे दिल्ली, माळवा व गुजरात. यांच्यामधून उंटांचे तांडे ये-जा करीत. त्यांच्याकडून मिळणारी जकात आणि व्यापाऱ्यांची सावकारी यांवर नगर श्रीमंत झाले.

म्हणूनच येथील माणसाला गावाबाहेर पडणे नवे नव्हते. गुमानचंद पटवा यांनी १८०५ मध्ये आरंभिलेला पाच हवेल्यांचा समूह आजही प्रवासी आवर्जून पाहतात. परंतु त्या हवेल्यांचा पैसा दूरदूरच्या पेढ्यांवर मिळविलेला होता. याच बाफना घराण्यातील जोरावरमल यांनी उदयपुरास पेढी चालविली, आणि विसाव्या शतकात होळकर संस्थानचे पंतप्रधान झालेले सर सिरेमल बापना हे त्यांच्याच वंशातले. इंदुरातील जुन्या मराठी घरांत हे नाव परिचयाचे आहे; त्याचे मूळ मरुभूमीतील या नगरात आहे, हे मात्र थोड्यांस ठाऊक असेल.

तोवर मनुष्य परतण्यासाठी जात होता. परदेशात मिळवावे आणि गावी येऊन दगडात कोरावे, असा क्रम होता. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदराचा व्यापार वाढला, मागोमाग आगगाडी आली आणि उंटाची वाट मागे पडली. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा तर सिंधकडे जाणारे मार्गच बंद झाले. जे नगर वाटेवर वसले होते ते वाटेच्या शेवटी येऊन पडले. मग माणसे हवेल्यांना कुलपे घालून जाऊ लागली, आणि आठवणीचे रूपांतर ओढीत झाले.

ही ओढ प्रथम जाणवते ती शरीराला. मरुभूमीतील हवा कोरडी असते. तेथे अंगावरील घाम तत्काळ उडून जातो आणि त्वचेला गारवा देतो. किनाऱ्यावरील दमट हवेत तो उडत नाही. म्हणून जैसलमेरचे ४२ अंश सोसलेला मनुष्य मुंबईच्या ३३ अंशांत कासावीस होतो. रात्रीचेही तसेच. हवेत बाष्प थोडे आणि आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्यास्तानंतर आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते. उन्हाळ्यात सारे घर गच्चीवर झोपावयास जाते ते या गारव्यासाठी. शहरातील चाळीत किंवा सदनिकेत आलेल्या माणसाला सर्वांत आधी उणे भासते ते हे रात्रीचे आकाश.

त्यानंतर आठवते घर. जैसलमेरच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंची घरे उंच, त्यामुळे एक घर दुसऱ्यावर सावली धरते. भिंती जाड दगडाच्या. त्या दिवसाची झळ आत पोहोचू देण्यास वेळ लावतात. छपरावर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असतो. पुढे आलेले झरोके आणि कोरीव काम ही केवळ शोभा नव्हे. त्यांच्या उंचवट्यांमुळे भिंतीचा बराच भाग स्वतःच्याच सावलीत राहतो. दगडी जाळीची बारीक छिद्रे वारा आत येऊ देतात आणि प्रखर उजेड बाहेर ठेवतात. अशा घरात वाढलेल्या माणसाला मोठ्या काचेच्या खिडकीसमोर उघड्यावर बसल्यासारखे वाटले, तर त्यात आश्चर्य नाही.

पहिल्या पावसाचा वास ही तिसरी गोष्ट. कोरड्या जमिनीवर पाणी पडताच जो सुगंध उठतो, त्याचा अभ्यास करून इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. वनस्पतींतून निघालेली काही तैलद्रव्ये कोरड्या काळात माती व दगड शोषून ठेवतात. मातीतील सूक्ष्म जीवांनी तयार केलेले ‘जिओस्मिन’ हे द्रव्यही त्यांत मिसळते. पावसाचे थेंब पडताच हे सारे हवेत उधळले जाते. कोरडा काळ जितका लांब, तितका साठा अधिक. म्हणजे हा सुगंध प्रतीक्षेच्या प्रमाणात मिळतो. जेथे चार महिने पाऊस थांबत नाही तेथे तो जून महिन्यात एकदा येऊन जातो आणि विसरला जातो. जेथे वर्षभर आकाशाकडे पाहावे लागते तेथे तो जन्मभर लक्षात राहतो.

येथे या ओढीचे मर्म हाती लागते, आणि ते पाण्याशी निगडित आहे. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या प्रदेशाने पाण्याचे तीन प्रकार मानले. आकाशातून पडणारे ते पालर पाणी. खोल विहिरीत लागणारे, बहुधा खारट, ते पाताळ पाणी. आणि या दोहोंमधील ते रेजाणी पाणी. काही भागांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा थर आहे. पावसाचा जो ओलावा वाळूत मुरतो तो या थरावर अडून राहतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तेथवर अगदी अरुंद तोंडाची कुई खणली की हा ओलावा थेंबाथेंबाने पाझरून तिच्या तळाशी जमतो. दिवसाकाठी काही घागरी पाणी निघते, परंतु ते गोड असते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या आपल्या हिंदी पुस्तकात या विद्येचे साक्षेपाने वर्णन केले आहे.

जैसलमेरच्या पश्चिमेस पालीवाल ब्राह्मणांनी याच जाणिवेतून ‘खडीन’ पद्धतीची शेती वाढविली. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे लोक आपली गावे सोडून गेले. राज्याच्या दिवाणाचा जुलूम हे त्याचे कारण परंपरा सांगते; विहिरी आटल्याचेही कारण दिले जाते. कुलधरा गावाची उघडी घरे आजही उभी आहेत.

नगरासाठी घडीसर तलाव होता. चौदाव्या शतकात महारावळ घडसी याने तो बांधविला. ज्या जमिनीवरून पावसाचे पाणी वाहत तलावात येई ती ‘आगोर’ म्हणून राखलेली असे, तेथे घाण करावयाची नाही असा दंडक होता. तलाव भरून वाहिला तर ते पाणी पुढच्या तळ्यांनी झेलावे अशीही योजना होती. १९६० च्या दशकापर्यंत नगराची तहान मुख्यतः या साठ्याने भागविली. घरात आलेली घागर मग एकाहून अधिक कामांस लागे. ज्या पाण्याने भांडी विसळली ते जनावराला किंवा झाडाला जाई. नगरातील प्रत्येकाला, लहान मुलालासुद्धा, आज तलावात किती पाणी आहे हे ठाऊक असे.

दूर गेलेल्या माणसाला जे आठवत राहते ते हेच. जेथे वस्तू विपुल असते तेथे तिच्याकडे लक्ष जात नाही. जैसलमेरने आपल्या माणसांना पाणी, सावली, वारा आणि ढग यांकडे रोज लक्ष द्यावयास लावले. आणि ज्याकडे मनुष्य रोज लक्ष देतो त्यावर त्याचा जीव जडतो. शहरातील नळाने त्याची तहान भागविली, परंतु ते लक्ष देण्याचे काम काढून घेतले. त्याच्या ओढीमागे हे हरवलेले काम आहे.

तथापि या ओढीला एक दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. घागर घरात येई ती कोणाच्या तरी डोक्यावरून. घडीसरपासून घरापर्यंत, किल्ल्यावर राहणाऱ्यांच्या बाबतीत चढणीवरून, ती बायकांनी आणली. पेढीवर बसलेल्या पुरुषाला पाण्याची किंमत आठवते. त्या बाईला पाण्याचे वजन आठवत असेल. शहरात आल्यावर नळाच्या तोटीखाली पहिली घागर भरताना तिला काय वाटले असेल, हे जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्याने एकदा तरी मनात आणले पाहिजे. टंचाईने शहाणपण शिकविले हे खरे; त्या शिक्षणाचे शुल्क मात्र सर्वांनी सारखे भरले नाही.

आणखी एक गोष्ट आहे. सतलज आणि बियास यांच्या संगमावरील हरिके येथून निघणाऱ्या राजस्थान कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. पुढे त्यास इंदिरा गांधी कालवा हे नाव मिळाले, आणि १९८० च्या दशकात हिमालयाचे पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले. नगरात घरोघर नळ आले. बायकांच्या डोक्यावरचा भार उतरला, ही मोठी गोष्ट झाली. परंतु किल्ला मोजक्या घागरींच्या हिशेबाने बांधलेला होता. नळाचे पाणी आत आले, सांडपाण्याची वाट मात्र त्या मानाने झाली नाही. पाणी झिरपून टेकडीतील मातीच्या थरांत शिरले, पाया मऊ पडला आणि काही भिंती व बुरूज ढासळले. १९९६ मध्ये जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव आले. २०१३ मध्ये राजस्थानातील इतर पाच डोंगरी किल्ल्यांसह तो जागतिक वारसा ठरला. परंतु त्याच्या पायाची काळजी आजही वाहावी लागते. ज्या किल्ल्याने आठशे वर्षे तहान सोसली, त्याला तहान भागणे सोसले नाही.

याचा अर्थ असा की, गाव सोडून गेलेल्याने जे गमावले ते गावात राहिलेल्यानेही काही अंशी गमावले आहे. उद्या तो परतला तरी त्याला आठवणीतले नगर सापडेलच असे नाही. तेथेही तोटी फिरविली की पाणी येते आणि तलावातील पाण्याची पातळी आता मुलांना ठाऊक नसते. केवळ आगगाडीचे तिकीट काढून ही ओढ शमणार नाही.

पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर राहिलेल्या बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, बेळगाव येथील मराठी घरांना हा अनुभव अगदीच परका नाही. नाळ जेथे पुरली ते गाव बदलून जाते. त्याने लावलेली सवय मात्र पुढच्या पिढीच्या हाती देता येते. जैसलमेरहून आलेल्या माणसाने पेल्यातले उरलेले पाणी मोरीत न ओतता कुंडीतल्या तुळशीला घातले, आणि आपल्या नातवाला त्याचे कारण सांगितले, तर त्याच्या नगराचा सर्वांत टिकाऊ भाग त्याने बरोबर आणला असे म्हणता येईल. त्यासाठी कोणाला तहानलेले राहावे लागत नाही, की कोणाच्या डोक्यावर घागर द्यावी लागत नाही.